गुरम्माचा गार चहा

निंगप्पानं बर्फ आणला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मंगळवार पेठेतल्या घरांच्या भिंती अजून हात लावू देत नव्हत्या. गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी त्यानं टांग्यातून उतरवली, तर त्याचा सदरा पुढनं पार भिजलेला.

ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या मडिवाळप्पानं विचारलं, "एवढा बर्फ कशाला रे?"

"चहाला, अप्पा."

"चहाला?"

"बर्फाचा चहा. आमच्या ऑफिसातला साहेब ह्या दिवसांत रोज पितो. कोरा चहा करायचा, निवू द्यायचा, वर बर्फ आन् लिंबू." निंगप्पा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, आणि साहेबाचं काही बघून आला की ते घरी करून बघायची त्याला हौस होती. लादी आत नेता नेता तो उंबऱ्याशी थांबला. "आन् अव्वाला गार चहा आवडायचा की. नातवाचा पहिला वाढदिवस, आज ती असायला पायजे होती. म्हणून म्हटलं, तिच्या आवडीचं करू."

पोराच्या तोंडावर बसलेली माशी मडिवाळप्पानं हाकलली आणि पुन्हा हाकलली, माशी उडून गेली होती तरी.

गुरम्मा, त्याची बायको, निंगप्पाची आई, जाऊन दहा महिने झाले होते. गेल्या आषाढात ती गेली तेव्हा हा नातू दोन महिन्यांचा होता. वर्ष व्हायचं होतं, म्हणून वाढदिवस करावा की नाही यावरच आधी घरात बोलणं झालं होतं. शेवटी शिवव्वाकाकीनं निकाल दिला. ही मडिवाळप्पाची चुलती, ऐंशीच्या पुढची, आणि गोतात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "करा की. पोराचा काय दोष? फकस्त आधी तिचं ताट मांडा."

त्यांच्या घराण्यात ही रीत होती. माणूस जाऊन वर्ष भरेपर्यंत घरात काहीही गोडधोड झालं, तर पहिलं ताट त्या माणसाचं. त्याला जे आवडायचं ते ताटात आलंच पाहिजे. ताट मांडायचं मागं राहिलेल्या जोडीदारानं. मांडून झालं की सगळ्यांनी बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं, आणि एक माणूस सावकाश जेवून उठेल इतका वेळ बाहेर बसायचं. गेलेलं माणूस तेवढ्यात येऊन जेवून जातं, अशी समजूत. तोवर घरातल्या कुणी घासही घ्यायचा नाही आणि घोटही घ्यायचा नाही. मग दार उघडायचं, आणि ज्यानं ताट मांडलं त्यानंच ते संपवायचं. त्यातलं काही टाकून द्यायचं नाही.

सकाळपासून मडिवाळप्पाच्या मनात या ताटाचंच चाललं होतं. गव्हाची खीर, कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी, एवढं त्याला ठाऊक होतं. चहाचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. किंवा आलं होतं, आणि त्यानं ते बाजूला सारलं होतं.

चहा या घरात आला त्याला वीस वर्षं झाली असतील. चहाच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस तेव्हा पेठेत हातगाडी घेऊन यायचा आणि लोकांना फुकट चहा पाजायचा. मडिवाळप्पाचं गुळाचं दुकान नाक्यावर, त्यामुळं गाडी तिथंच उभी राहायची. आठ-पंधरा दिवस फुकट पिऊन झाला, मग गाडी यायची बंद झाली, पण दुपारी डोकं दुखायला लागलं. मग पूड घरी आली. गुरम्मानं शेजारणीला विचारून चहा करायला शिकून घेतलं, आणि वर्षभरात गोतातल्या प्रत्येकाचा चहा तिला पाठ झाला. शिवव्वाकाकीला दूध जास्त आणि साखर चमचा उभा राहील इतकी, आणि प्यायचा तो बशीतूनच. चुलतभाऊ महादेवप्पाला गुळाचा, आलं ठेचून, भर उन्हाळ्यातसुद्धा. मडिवाळप्पाला कडक, काठोकाठ. कोण आलंय ते ओट्यावरच्या आवाजावरनं तिला कळायचं, आणि विचारायला न येता ज्याचा त्याचा चहा बाहेर यायचा.

आणि गुरम्माचा? तिचा गार. हेही साऱ्या गोताला ठाऊक होतं, कारण मडिवाळप्पानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

पहिल्यांदा कधी, ते त्याला आठवत नव्हतं. दुकानातून मधेच घरी आला असेल आणि ती चुलीपाशी बसून साय धरलेला चहा पिताना दिसली असेल. तो हसून म्हणाला असेल, "गार पितीस व्हय गं?" आणि ती म्हणाली असेल, "व्हय." पुढं ती त्याची गंमत झाली. पाव्हणे आले की तो हमखास म्हणायचा, "आमच्या हिच्या चहाला चूल नको बगा, रांजण बास!" पाव्हणे हसायचे. गुरम्माही पदर तोंडाला लावून हसायची. मडिवाळप्पा तसा बोलण्यात बेताचा. चारचौघांना हसवेल असं त्याच्यापाशी हे एवढंच होतं, आणि त्यानं ते वीस वर्षं वापरलं.

चहा का निवायचा ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. आधी ओट्यावरच्या माणसांचा, मग काकीचा, मग पोराचं दूध, मग दुकानातल्या हमालांचा, मग कुणाला तरी अजून अर्धा कप. तिचा कप तोवर चुलीशेजारच्या कोनाड्यात. तो बघायचा तेव्हा शेवटचं तेवढं बघायचा.

गेल्या आषाढात तिला मुदतीचा ताप आला. अठरावा दिवस होता आणि मंगळवारचा बाजार होता. दुपारी ताप जरा उतरल्यासारखा वाटला, आणि ती म्हणाली, "चहा पायजे. ऊन-ऊन." सून नीलव्वा तान्ह्याला पाजत बसली होती, तिनं ते तसंच सोडून चहा टाकला. मडिवाळप्पा म्हणाला, "दे हिकडं. आज मी पाजतो तिला." चौतीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला स्वतःच्या हातानं काही पाजायची ती पहिली वेळ. त्याला बरं वाटत होतं. अंथरुणाशी बसून त्यानं तो वाफाळता चहा कपातून बशीत ओतला, बशीतून कपात ओतला, फुंकर घातली, पुन्हा ओतला. चांगला गार होईपर्यंत. तिला आवडतो तसा.

मग तिची मान उचलून त्यानं बशी तिच्या ओठांना लावली. तिनं ओठ भिजवले आणि तोंड बाजूला केलं.

"निवला," ती म्हणाली.

"तुला आवडतो तसाच केलाय की."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मग हळू म्हणाली, "मला ऊनच आवडतो ओ. कदी मिळाला न्हाय, एवढंच."

मडिवाळप्पाला आधी वाटलं, तापात बोलतेय. पण डोळे तापातले नव्हते. तेवढ्यात दुकानातून गडी बोलवायला आला. बाजारचा दिवस, मंगळवेढ्याच्या गाड्या येऊन उभ्या. मडिवाळप्पा उठला. म्हणाला, "बरं, आल्यावर देतो ऊन करून." ती म्हणाली, "व्हय, जावा."

दिवेलागणीला तो परत आला तर दारात बायका जमल्या होत्या.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते दुसरंच. तिसऱ्या दिवशी सगळं गोत बसलं होतं, कुणी तरी विचारलं, शेवटी तोंडात काय गेलं हो तिच्या? मडिवाळप्पाच्या तोंडून निघून गेलं, "चहा. मीच पाजला. तिला आवडतो तसा, गार." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काकी म्हणाली, भाग्याची गं बाई, नवऱ्याच्या हातचा आवडीचा चहा पिऊन गेली. तेव्हापासून ते वाक्य गोतात फिरत होतं. अक्कलकोटपर्यंत पोचलं होतं. जो भेटायला यायचा तो तेच बोलून त्याचं समाधान करायचा, आणि मडिवाळप्पा मान हलवायचा.

पाच वाजता माणसं जमली. महादेवप्पा आला, दोन्ही हात वर करून म्हणाला, "अण्णा, आज सोलापुरात उनाला बी ऊन लागतंय!" शिवव्वाकाकीला दोघांनी धरून आणलं. अक्कलकोटहून गुरम्माची धाकटी बहीण जगदेवी सकाळच्या गाडीनंच आली होती आणि तेव्हापासून नीलव्वाच्या बरोबरीनं भाकऱ्या थापत होती. पोराला नवं अंगडं-टोपडं घातलं, विभूती लावली, बायकांनी ओवाळलं. पोरानं निरांजनाकडं हात नेला, सगळे एकदम ओरडले, ते रडलं, सगळे हसले.

मग निंगप्पानं परात मधे आणून ठेवली. परातीत काचेचे पेले, बाजूला कोऱ्या चहाची घागर, आणि फोडलेला बर्फ. लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीनं फोडलेला, म्हणून एकेक तुकडा लहान मुलाच्या मुठीएवढा.

"आता ज्याला जसा पायजे तसा सांगा," तो म्हणाला. "पर प्यायचा न्हाय. आधी अव्वाचं ताट."

"मला गूळ घाल," महादेवप्पा म्हणाला.

"काका, बर्फात गूळ इरघळत न्हाय."

"मग आधी इरघळव, मग बर्फ घाल. गुळाच्या दुकानदाराचा पोरगा तू, आन् हे मी सांगू व्हय तुला? आलं हाय का?"

काकीनं पेला डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "ह्यात दूध कुटाय?"

"ह्यात दूध घालत न्हाईत, काकी. लिंबू घालतात."

"चहात लिंबू? मग काय फोडणी बी देतोस का? घाल दूध. आन् बशी दे."

"बर्फ बशीत कसा मावंल?"

"साहेबाला विचार जा. दूध घाल म्हणते ना."

निंगप्पानं दूध घातलं. लिंबू आधीच पिळलेलं होतं, ते फाटलं. काकी बघत राहिली आणि म्हणाली, "पोराच्या वाढदिवसाला नासवून दिलास." सगळे हसले, निंगप्पासुद्धा. मडिवाळप्पा हसायचा प्रयत्न करत होता. त्याला दिसत होतं की बर्फ वितळायला लागलाय आणि परातीत पाणी जमतंय, आणि आता वेळ आली.

निंगप्पानं एक पेला वेगळा काढला. सगळ्यांत मोठा, कड न मोडलेला. त्यात चहा ओतला आणि निवडून बर्फाचा चांगला स्वच्छ खडा टाकला. "हा अव्वाचा," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता. "गार आवडायचा तिला, पर एवढा गार कदी मिळाला न्हाय."

"भाग्याची गं," काकी म्हणाली. "जाताना बी नवऱ्याच्या हातचा पिऊन गेली. मडिवाळ, घे बाबा, तूच ठेव. तुज्याच हातनं ठेव."

महादेवप्पाला वाटलं, भावाचं मन हलकं करावं. तो म्हणाला, "वयनींच्या चहाला चूल नको, रांजण बास! व्हय का न्हाय अण्णा? आता रांजण बी नको, बर्फच आला."

पेला मडिवाळप्पाच्या हातात आला. बोटं बधिर होतील इतका गार. आतल्या खोलीत ताट मांडून तयार होतं. गुरम्माचा फोटो कधी काढलेला नव्हता, म्हणून पाटावर तिचं डाळिंबी इरकल घडी करून ठेवलं होतं आणि त्यावर तिची नथ. ताटात सगळं होतं. फक्त हा पेला ठेवायचा राहिला होता. चार पावलं जायचं आणि ठेवून यायचं, एवढंच काम. दहा महिने त्यानं मान हलवली होती. आज हात पुढं केला की झालं. पण मान हलवली ती जित्या माणसांपुढं. हे तिच्यापुढं ठेवायचं होतं.

तो उंबऱ्यात उभा राहिला. पेल्यातून पाणी त्याच्या धोतरावर ठिबकत होतं.

"अप्पा, बर्फ वितळतोय," निंगप्पा म्हणाला.

"तिनं पिला न्हाय," मडिवाळप्पा म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशीचा चहा. तिनं पिला न्हाय. मी खोटं सांगितलं तुमास्नी." तो त्यांच्याकडं पाठ करूनच बोलत होता. "तिनं ऊन मागितला. मी निववून दिला. तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, मला ऊनच आवडतो, कदी मिळाला न्हाय. मी म्हटलं, बाजारातनं आल्यावर देतो. आन् गेलो."

परातीत बर्फाचा एक खडा सरकला आणि पेल्यावर आपटला.

"अण्णा, तापात माणूस काय बी बोलतं," महादेवप्पा म्हणाला.

"तापात न्हवती."

"पर अप्पा, आमी सगळ्यांनी बघितलंय की," निंगप्पा म्हणाला. "ती रोज गारच प्यायची."

"रोज बघितलंस ना? मग ऊन असताना तिच्या हातात कदी बघितलास का, ते सांग."



मडिवाळप्पानं पेला परातीत ठेवला आणि स्वयंपाकघरात गेला. नीलव्वा दाराआडून सगळं ऐकत होती, ती घाईनं बाजूला झाली. त्यानं पातेलं उचललं, ते भाजीचं निघालं, ठेवलं, दुसरं घेतलं.

"मामा, सरा तुमी, मी करते."

"न्हाय. तू नुसतं सांग."

साठी गाठलेला तो माणूस पहिल्यांदा चुलीपुढं बसला. फुंकणीनं फुंकलं तर राख डोळ्यांत गेली. नीलव्वा सांगत गेली, एवढं पाणी, आता पूड. तो साखरेचा डबा घेऊन थांबला.

"किती घालू?"

नीलव्वा म्हणाली, "अत्तींना किती लागायची ते मला म्हाईत न्हाय, मामा. त्या सगळ्यांचा करायच्या, मग पातेल्यात राहील तो घ्यायच्या."

मडिवाळप्पा डबा हातात धरून बसला. वीस वर्षं ती चहा पीत होती. महादेवप्पाचं आलं सगळ्या गोताला ठाऊक होतं.

"दीड चमचा," मागून आवाज आला. जगदेवी दारात उभी होती. "आलं न्हाय. दूध जरा कमी."

त्यानं दीड चमचा साखर घातली. चहा उतू आला तेव्हा पातेलं हातानंच धरलं, बोटं भाजली, सोडलं नाही. फडक्यातून गाळताना अर्धा चुलीत सांडला. कपात ओतून पातेल्यात घोटभर राहिला, तो बघून त्यानं सुनेला सहज विचारलं, "तू कसा पितीस गं?"

नीलव्वानं खाली बघितलं. "उरंल तसा," ती म्हणाली.

कप घेऊन मडिवाळप्पा बाहेरच्या माणसांमधून आत गेला आणि ताटाशेजारी, लुगड्याच्या अगदी जवळ ठेवला. वाफ वर जात होती. त्यानं हात जोडले, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

सगळे ओट्यावर बसले. ऊन उतरलं होतं, पण दगड तापलेलेच होते. परात मधे होती. पेल्यांतले खडे बारीक होत चालले होते, आणि चहा मडक्यातल्या पाण्याच्या रंगाचा. कुणी ते बोलून दाखवलं नाही. पोर पाण्यात हात आपटत होतं, त्याला कुणी अडवलं नाही.

थोड्या वेळानं मडिवाळप्पा म्हणाला, "झालं असंल. उगडतो दार."

"एवढ्यात?" काकी म्हणाली. "बस. माणसाला जेवू दे पोटभर."

"काकी, चहा निवतोय."

"रीत हाय बाबा. बस."

तो बसला. जगदेवी येऊन त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली. दोघंही समोरच्या गल्लीकडं बघत होते.

"लहानपणी अक्काला सगळं ऊनच लागायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "तव्यावरची भाकरी हातावर झेलून खायची, आई ओरडायची, जीभ भाजंल. माज्या घरी यायची ना दाजी, वर्षातनं दोन दिवस, तवा मी पहिला कप तिला द्यायचे. फुंकर बी मारायची न्हाय. नाकाला घाम यायचा तिच्या."

मडिवाळप्पानं विचारलं, "तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"मी इतकी वर्षं चारचौघांत बोलत होतो, तू हितं बसलेली असायचीस. एकदा तरी बोलायचं होतंस की गं."

"बोलणार होते. एकदा उठलेच होते. तिनं माजा पदर धरून बसवलं." जगदेवीनं पदर सारखा केला. "आत गेल्यावर म्हणाली, त्यास्नी माणसं हसवायला एवढं एकच येतंय. ते बी कशाला मोडायचं? गार तर गार."

जगदेवी उठून गेली नाही आणि तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती त्याचं समाधान करत नव्हती. दहा महिन्यांत भेटलेल्या माणसांत समाधान न करणारी ती पहिलीच होती.

त्यानं दाराकडं बघितलं. आतला कप त्याला दिसत असल्यासारखा होता. आता वाफ थांबली असेल. आता कड थंड झाली असेल. उठून दार लोटावं आणि पुन्हा ऊन करावा, असं त्याला तीनदा वाटलं. तीनदा काकीनं नुसतं बोट वर करून त्याला बसवलं. शेवटी समोरच्या घरात दिवा लागला आणि काकी म्हणाली, "जा आता. उगड."

तो एकटाच आत गेला. मागनं जगदेवी आली आणि दाराशी थांबली.

ताट होतं तसंच होतं. कपावर साय धरली होती, जाड, सुरकुतलेली. ऊन दिला तरी शेवटी निवलाच होता. बाहेर काकी विचारत होती, आता तरी जेवायचं का न्हाय? निंगप्पा पेले वाटायला लागला होता. महादेवप्पाचा आवाज आला, "हे पाणीच झालं की रं! पर गार हाय."

मडिवाळप्पा पाटासमोर मांडी घालून बसला. मांडणाऱ्यानंच संपवायचं, टाकायचं नाही. त्यानं कप उचलला. वीस वर्षांत त्याच्यापुढं आलेला एकही चहा गार नव्हता. एकदा जरा कोमट आला होता तर त्यानं कप सरकवून दिला होता, आणि ती तो मुकाट्यानं आत घेऊन गेली होती. मग त्याचं काय केलं असेल तिनं? प्यायलाच असेल.

साय ओठांना चिकटली. त्यानं ती बाजूला केली नाही. एकेक घोट घेत, तळाच्या पुडीपर्यंत, त्यानं सगळा चहा संपवला.

"कसा हाय?" जगदेवीनं दारातून विचारलं.

त्यानं कप ताटाशेजारी ठेवला. हात लुगड्याच्या घडीपर्यंत नेला आणि न लावताच मागं घेतला.

"वाईट," तो म्हणाला. "लई वाईट हाय गं."